वाणाच्या चिंध्या

झोळी कुठं बांधायची हे टोळीत कधी कुणी ठरवलं नव्हतं, तरी ते ठरलेलंच होतं. ओळीच्या तोंडापासून तिसरा अँगल, मांडवाचा लोखंडी खांब. तिथं द्राक्षवेलीची सावली दाट असते, वारा खेळता असतो, आणि आईला घड बुडवता बुडवता मान वळवून बघता येतं. टोळीची मुकादम भागुबाई. तिनं आपल्या कुंदनला अठ्ठावीस वर्षांपूर्वी अशाच तिसऱ्या अँगलला झोपवलं होतं. त्या सकाळी कुंदनच्या आठ महिन्यांच्या लेकीला, वेदिकाला, तिनंच तिथं झोपवलं. लुगड्याची गाठ दोनदा ओढून बघितली आणि सुनेला म्हणाली, "झोपली. चल, लाग हाताला."

यंदा दिवाळी झाली तरी पाऊस हटला नव्हता. छाटण्या लांबल्या आणि खडकवणीत कारभारी अण्णांच्या चार एकरांवर ऐन पौषात डिपिंग आलं. मणी ज्वारीएवढे झाले की घड जीएच्या, मणी लांबवणाऱ्या औषधाच्या, पाण्यात बुडवायचे. दोन दिवस मागंपुढं झालं तर मणी लांबत नाही, आणि न लांबलेला माल परदेशी जात नाही. म्हणून चौदा बायका दिवस उगवायलाच ओळींत शिरल्या होत्या. डाव्या हातानं घड मोकळा करायचा, उजव्या हातातला मग खालून वर न्यायचा, घड बुडेपर्यंत धरायचा, हलका हिसका द्यायचा, पुढचा घड. पाणी मनगटावरून कोपरात, कोपरातून काखेत उतरायचं. सुनेचं, प्रतिभाचं, पोलकं काखेत जीएच्या पाण्यानं आणि छातीवर दुधानं भिजलेलं होतं. वेदिका उठायची वेळ झाली की दूध आपोआप यायचं. ती कॅनमधल्या पाण्यानं हात तीनदा धुवायची आणि मगच लेकीला हात लावायची.

दहाच्या सुमाराला फवारणीच्या ब्लोअरचा घोगरा आवाज आला. दोन ओळी सोडून ट्रॅक्टर येत होता.

"सन्या, आमी आत हाय रं!" कुसाबाई ओरडली. तिचा आवाज म्हणजे टोळीचा भोंगा.

सनी ट्रॅक्टर चालवणारा, दोन लेकरांचा बाप. तोंडाला फडकं बांधलेलं. त्यानं हात वर करून दाखवला. थांबता येत नाही, वरून सांगितलंय. पहाटे धुई पडली होती, आणि धुई पडली की फवारा मारायला अण्णांचा फोन यायचा.

प्रतिभा हातातला मग खाली ठेवून झोळीकडं निघाली.

"ऱ्हाऊ दे," भागुबाई म्हणाली. "गंधक हाय. गंधकानं काय व्हतं? आमची समदी पोरं गंधकात वाढली. आर्धी ओळ सोडली की कुठवर झालं ते ध्यानात ऱ्हात नाय, पोरी."

प्रतिभा थांबली. ते थांबणं पुढं तिला कितीतरी दिवस पुरलं.

फवाऱ्याचा पांढरा ढग वेलींवरून इकडं सांडला. वास गंधकाचा नव्हता. गोडसर, रॉकेलसारखा होता. ओळ संपवून ती झोळीपाशी गेली तेव्हा वेदिका जागी होती आणि रडत नव्हती. ओठांवरून लाळ वाहत होती. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या.

कुंदनचा पिकअप बागेच्या तोंडाशीच उभा होता. तो पक्षाचा बूथप्रमुख. झेडपीची निवडणूक लागली होती, गट बाईसाठी राखीव निघाला होता आणि अण्णांच्या सूनबाई, पूजाताई, उभ्या राहणार होत्या. पिकअपवर कर्णा, चारी बाजूंनी पूजाताईंचे हात जोडलेले फोटो. दिंडोरीच्या डॉक्टरांनी विषबाधा ओळखली, सुई टोचली आणि तसंच नाशिकला पाठवलं. प्रतिभा पोरीला छातीशी धरून पुढं बसली होती, भागुबाई मागं हौद्यात दांडा धरून उभी. नाशिकजवळचं म्हसरूळ आलं तेव्हा कुणाच्या तरी ध्यानात आलं की कर्ण्यावर गाणं चालूच आहे. 'माता-भगिनींची हक्काची ताई' असं काहीतरी. कुंदननं वायर हिसकून काढली. वायरीचं टोक त्याच्या मुठीत राहिलं, आणि दवाखान्याच्या दारातसुद्धा त्याला ते टाकायचं सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी वेदिकानं आईचं बोट धरलं. पाचव्या दिवशी घरी आणली.

अण्णा घरी आले ते सफरचंदं घेऊन. भागुबाईनं ओसरीवर सतरंजी टाकली, डोक्यावरचा पदर पुढं ओढला. तिचा धनी जाऊन सोळा वर्षं झाली होती आणि त्यातली सोळाही वर्षं टोळीला बारा महिने काम अण्णांच्या शब्दानं मिळत आलं होतं.

"देवाची कृपा," अण्णा म्हणाले. "पण भागुबाई, झोळी बागेत बांधायची कशाला? बाग म्हणजे काय पाळणाघर हाय? उद्या उलटसुलट छापून आलं तर? निवडणुकीचे दिवस."

"चुकलं, अण्णा," भागुबाई म्हणाली.

प्रतिभा आतल्या उंबऱ्यात लेकीला पाजत बसली होती. तिला वाटलं, सासू पुढं काही म्हणेल. भागुबाईनं सफरचंदं उचलली आणि चहा टाकायला आत आली.

झोळीचं जांभळं लुगडं प्रतिभानं तीनदा धुतलं. वास जाईना. दगडावर आपटलं, उन्हात टाकलं, नाकाला लावलं. तोच गोडसर वास. शेवटी तिनं ते विळीवर धरलं आणि टराटरा फाडलं. हातभर लांब, दोन बोटं रुंद. सासू बघत होती.

"काय करू राहिली?"

"चिंध्या."

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. वेदिकाला शेजारच्या म्हाताऱ्या लताबाईकडं ठेवलं होतं. टोळी यायच्या आधी तिनं सनीला गाठलं. "काल कुठल्या ओळी मारल्या, दादा?"

सनीनं इकडंतिकडं बघितलं. मग बोटं दाखवली. पश्चिमेकडच्या वीस.

प्रतिभानं त्या वीस ओळींच्या तोंडच्या अँगलला एकेक चिंधी बांधली आणि टोळी आल्यावर म्हणाली, "जिथं चिंधी, तिथं दोन दिवस बाई जायची नाय. तिकडच्या सत्तर मोकळ्या हायेत, त्या आधी करू."

"आन् अण्णांनी ह्याच करा म्हटलं तर?" कुसाबाईनं विचारलं.

"तर त्यांनी ओळीत उतरावं. जीएचा मग मी भरून देते."

बायका हसल्या. भागुबाई हसली नाही. दुपारी बांधावर भाकरी खाताना ती हळूच म्हणाली, "सोळा वर्षं मान खाली घालून बोलले, म्हणून ह्या चौदा जणींची चूल पेटती."

"मान खाली होती म्हणून तर ब्लोअर दिसला नाय, आत्या."

बोलून गेल्यावर प्रतिभानं ठेचा सासूपुढं सरकवला. भागुबाईनं अर्धी भाकरी तशीच फडक्यात बांधली. पण चिंधी बांधलेल्या ओळीत ती गेली नाही, आणि कुणाला जा म्हणालीही नाही.

पंधरा दिवसांत चिंध्या अकरा गावांत गेल्या. कशा गेल्या ते कुणाला सांगता आलं नसतं. कुसाबाईच्या भाच्यानं फोटो काढला, तो कुठं कुठं फिरला. मोहाडीकडच्या एका टोळीनं पिवळ्या चिंध्या बांधल्या, वणी रस्त्याकडच्यांनी जुन्या परकराच्या. दिंडोरीच्या बाजारात भाजी घेता घेता चार गावच्या बायका भेटल्या आणि बोलणं एकाच गोष्टीचं झालं. फवारलं की दोन दिवस. लेकरांना बांधावर एक पत्र्याचं छप्पर. बाकी काही नाही. त्याला नाव नव्हतं, अध्यक्ष नव्हता, पावतीपुस्तक नव्हतं. सनीसारखे ट्रॅक्टरवाले आपणहून विचारायला लागले, "ताई, आज चिंध्या शिल्लक हायेत का?" त्यांचीही डोकी वर्षानुवर्षं ठणकत होती.

दुसऱ्या पक्षाचे पुढारी एकदा मोटारसायकलींच्या आरशांना चिंध्या बांधून खडकवणीत आले. "माताभगिनींनो, आम्ही तुमच्यासोबत..."

कुसाबाई हातातला मग घेऊन पुढं गेली. "तुमची बाग कुठली म्हणायची?"

"जानोरी शिवारात. का?"

"तिथं बांधल्या का? का निस्ती गाडीच फवारली?"

आरशांवरच्या चिंध्या तशाच फडफडत माघारी गेल्या.

खरी पंचाईत अण्णांच्या पक्षाची होती. दिंडोरीच्या कार्यालयात बैठक लागली तेव्हा कुंदन नेहमीसारखा दाराजवळच्या खुर्चीवर बसला होता. नाशिकहून निरीक्षक आले होते, पांढऱ्या बुटांचे.

"ह्या बायकांना आवरा," एक बागायतदार म्हणाला. "नायतर आम्ही अपक्ष उभा करतो. चाळीस बागांचं डिपिंग अडलंय."

"आवरा म्हंजे?" मजूर वस्तीचा शाखाप्रमुख सोमनाथ उठला. "माझी बायको त्यातच हाय. माझी आई त्यात हाय. मी घरी जाऊन कुणाला आवरू? आन् आवरल्यावर भाकरी कोण थापंल, निरीक्षकसाहेब?"

लोक हसले. अण्णा हसले नाहीत.

"दोन्ही मतं आपलीच आहेत," निरीक्षक म्हणाले. "बागाही आपल्या, मजूरही आपले. यांचा नेता कोण? त्याला बोलवा. काहीतरी देऊन टाका."

"नेताच नाय, साहेब," अण्णा म्हणाले. "तीच तर अडचण हाय. फोडायचं कुणाला?"

मग सगळ्यांच्या माना दाराजवळच्या खुर्चीकडं वळल्या. कुंदनला पहिल्यांदाच पुढं बोलावलं गेलं. सात वर्षं त्यानं खुर्च्या मांडल्या होत्या, पिकअप पळवला होता, याद्या वाटल्या होत्या. आज त्याला निरीक्षकांच्या शेजारी बसवलं आणि चहा आधी त्याला दिला. सोमनाथनं तेवढ्यात खिशातून कागद काढला, टेबलावर ठेवला आणि चपला घालून निघून गेला. राजीनामा होता. त्याच्यामागून वस्तीची सहा पोरं उठली.

संध्याकाळी कुंदननं पक्षाच्या लेटरहेडवरचं पत्र प्रतिभापुढं धरलं. तालुका महिला उपाध्यक्ष, सौ. प्रतिभा कुंदन... खाली गोल शिक्का.

प्रतिभा वेदिकाला मऊ भात भरवत होती. तिनं पत्र वाचलं, परत पहिल्यापासून वाचलं.

"ह्यात वेदिकाला गुंडाळू का?"

"माझी काय पत ऱ्हाईल गं तिथं?" कुंदन एकदम चढ्या आवाजात बोलला आणि पोर दचकली तसा खाली आला. "सात वर्षं घासली मी. त्यांनी आज पहिल्यांदा माझं नाव घेऊन हाक मारली. नाव घेऊन."

"आन् दवाखान्यात तुमच्या लेकीचं नाव विचारलं का कुणी?"

भाताचं शीत वेदिकाच्या हनुवटीला चिकटलं होतं. कुंदननं ते बोटानं काढलं, आपल्याच तोंडात टाकलं आणि बाहेर जाऊन पिकअपच्या टायरांत हवा आहे का ते बघत बसला. हवा होती.

संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी अण्णांच्या पॅकहाऊसमध्ये हळदीकुंकू ठेवलं. पत्रिकेवर पक्षाचं नाव नव्हतं, महिला मंडळाचं होतं. हळदीकुंकवाला नाही म्हणायचं नसतं, म्हणून अकराही गावांच्या बायका आल्या. वाणाला साडी होती. मोरपंखी, काठाला घागरींची नक्षी. पक्षाचं चिन्ह घागर. पण ही नक्षीच आहे, चिन्ह नव्हे, असं साड्या वाटणाऱ्या पोरी प्रत्येकीला सांगत होत्या.

पूजाताई वयानं प्रतिभाएवढ्याच. त्यांनी तिचा हात धरला. "बाळ कसं आहे गं? मला झोप लागली नाही त्या दिवशी. खरंच."

ते खरं असावं. त्यांचा हात गार होता.

"बरी हाय. ताई, एक करा. फवारलं की दोन दिवस बाई बागेत नाय, एवढं तुम्ही माइकवर म्हणा. तुम्ही म्हटलं की समदे ऐकतील."

पूजाताईंनी मागं बघितलं. द्राक्षांच्या खोक्यांच्या थप्पीला टेकून सासरे उभे होते. "निवडून आल्यावर आपण समिती नेमू," त्या म्हणाल्या. "तू असशील तिच्यात." आणि हात सोडला.

कुंकवाची ताटली रांगेनं फिरत भागुबाईपाशी आली. ताटलीवाली पोरगी अडखळली आणि पुढच्या बाईकडं सरकली. भागुबाईला त्याचं काही नव्हतं. सोळा वर्षं ताटल्या तिच्यापुढून अशाच सरकत होत्या. साडी मात्र तिला दिली, पूजाताईंनी वाकून, दोन्ही हातांनी. कॅमेरावाला पुढं आला. मग कॅमेरा डोळ्यांवरून काढून म्हणाला, "आजी, तुम्ही जरा मागं सरका. फोटोत कपाळ मोकळं दिसतंय. त्या मावशींना पुढं घ्या."

भागुबाई सरकली नाही. तिनं साडीची घडी उलगडली. मुकादम बाई पोत्याचं तोंड तपासते तसं दोन बोटांत काठ धरून बघितला.

"सूत बरं हाय," ती म्हणाली. "उन्हातान्हात टिकंल."

आणि काठ दातात धरून तिनं साडी फाडली.

असा आवाज पॅकहाऊसमध्ये कुणी ऐकला नव्हता. पत्र्याखाली तो लांबपर्यंत गेला. भागुबाईनं दुसरी पट्टी फाडली, तिसरी फाडली, आणि एकेक खांद्यावर टाकली.

"भागुबाई!" अण्णा खोक्यांपासून पुढं आले. "वाण हाय ते. वाण फाडती?"

"दिलं की घेणारीचं झालं, अण्णा. आमच्यात तरी आसंच हाय." तिचा पदर डोक्यावरून खांद्यावर आला होता आणि तिनं तो परत वर घेतला नाही. "गंधक हाय, गंधकानं काय व्हतं, आसं मी म्हटलं होतं. माझ्या तोंडानं. पोरगी उठून चालली होती, तिला मी थांबवली. ते कुणी छापलं नाय, कुणी मला इचारलं नाय. तुम्ही सफरचंदं आणली आन् मी चुकलं म्हटलं. चुकलं कुणाचं ते सांगायचं ऱ्हाऊन गेलं. आज सांगते. माझं चुकलं, मी तुमच्यावर भरोसा ठेवला."

कुसाबाईनं आपली साडी काखेतून काढली. "मला फाडता येत नाय गं दातानं, दोनच ऱ्हाइलेत. कुणी धरा." तिच्या शेजारणीनं दुसरं टोक धरलं. मग पॅकहाऊसभर तो आवाज सुरू झाला.

मंगळवारी पहाटे परत धुई पडली. अण्णांनी पाचलाच चारही एकर फवारून घेतले. मागून छाटलेल्या, उरलेल्या ओळींचे मणी आता ज्वारीएवढे झाले होते, थांबायला जागा नव्हती. उजाडलं तेव्हा नव्वदच्या नव्वद ओळींच्या तोंडाला मोरपंखी चिंध्या होत्या. काही चिंध्यांवर अर्धी घागर आली होती, काहींवर नुसता तिचा गळा. टोळी बांधावरच्या बोरीखाली बसली होती. जीएचं पाणी पिंपांत तयार होतं आणि डिपिंगचे मग पालथे घातलेले होते. प्रतिभानं त्या दिवशी वेदिकाला सोबत आणलं होतं. बोरीच्या फांदीला नवी झोळी होती, बागेपासून पन्नास पावलं लांब. दोरी भागुबाईच्या हातात.

कुंदन घरी नव्हता. पहाटे साडेपाचला अण्णांचा फोन आला होता. पेठहून दुसरी टोळी आण, पंधरा बायका, नऊच्या आत. तो गाडी काढून गेला होता. जाताना त्यानं प्रतिभाकडं बघितलं नव्हतं, आणि तिनं चहा विचारला नव्हता.

सव्वानऊला पिकअप आला. त्याच्यामागं अण्णांची गाडी, त्यात पूजाताई. हौद्यातून पेठच्या बायका उतरल्या. शिणलेल्या, गारठलेल्या, तिघींच्या कडेवर लेकरं. बोरीखालच्या बायकांपैकी कुणी उठलं नाही, कुणी शिवीही दिली नाही. पुढची बाई तरणीच होती, शकुबाई तिचं नाव. ती लेकरू सावरत ओळीपर्यंत गेली, चिंधीला हात लावला आणि वळून बोरीकडं आली.

"ह्याच का त्या चिंध्या? हा दादा गाडीत सांगत व्हता."

"काय सांगत व्हता?" भागुबाईनं दोरी ओढता ओढता विचारलं.

"लेकरू झोळीत घालून बागेत नेऊ नका, म्हणं. आज पहाटंच मारलंय, म्हणं. त्याच्या पोरीचं सांगत व्हता. आमी म्हटलं, मंग आमाला नेतो कशाला? तर गप बसला."

सगळ्यांनी कुंदनकडं बघितलं. तो स्टेअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसला होता.

"कुंदन!" अण्णा गाडीतून उतरले. "काय सांगितलं तू यांना?"

"तुम्ही आणायला सांगितलं, आणलं." कुंदननं स्टेअरिंगवरचे हात खाली घेतले. "गप ऱ्हा म्हणून सांगितलं नव्हतं, अण्णा."

"उतर खाली. उद्यापासून कार्यालयात यायचं नाय."

"बरं," कुंदन म्हणाला, आणि उतरला नाही. गाडी त्याची स्वतःची होती.

शकुबाईनं लेकरू खाली ठेवलं, आपल्या बायकांशी दोन शब्द बोलली आणि त्या सगळ्या बोरीखाली येऊन टेकल्या. कुसाबाईनं सरकून जागा केली. "भाकरी आणली का गं? आमच्यात ठेचा हाय. तुमच्यात काय हाय?"

अण्णांचा फोन वाजत होता. एकदा, दुसऱ्यांदा. ते बाजूला गेले. "हो साहेब... हो, पाहिला साड्या फाडल्याचा फोटो... नाही, मिटवतो." फोन ठेवून ते ओळींकडं बघत उभे राहिले. ऊन चढत होतं. हिरवे बारीक घड पानांमागं गुपचूप लोंबत होते. ह्याच माणसानं कधीकाळी पहिली बाग स्वतःच्या खांद्यावर पाणी वाहून जगवली होती, हे भागुबाईला माहीत होतं. तिनं ती बाग लावताना खड्डे खणले होते.

"ठीक हाय," अण्णा म्हणाले. "उद्या सकाळी या."

भागुबाईनं बोटांवर मोजलं. "आज पहाटंचा फवारा. उद्या एक. परवा दोन. परवा येऊ."

"मणी थांबायचे नाय, भागुबाई."

"लेकरूबी थांबलं नसतं, अण्णा."

झोळीची दोरी कुरकुरली. अण्णांनी मान फिरवली आणि दातांतल्या दातांत म्हणाले, "परवा." एवढ्या हळू की बोरीखालीच ऐकू गेलं.

प्रतिभा उठली. "माइकवर म्हणा."

"म्हटलं ना एकदा!"

"चौदा जणींना म्हटलं. आकरा गावांना म्हणा."

अण्णा गाडीत जाऊन बसले आणि दार लावून घेतलं. प्रतिभा क्षणभर त्या बंद काचेकडं बघत राहिली. काचेमागं पूजाताई होत्या. त्या बघत होत्या. मग ती पिकअपपाशी गेली. कुंदननं काही न विचारता सीटखालून माइक काढला, दवाखान्याच्या दिवशी हिसकलेली वायर जोडली आणि माइक तिच्या हातात दिला. तिनं आयुष्यात माइक धरला नव्हता. तो डिपिंगच्या मगापेक्षा हलका होता.

कर्णा आधी किंचाळला. मग तिचा आवाज वेलींच्या मांडवांवरून निघाला तो ओढ्यापलीकडच्या शिवारापर्यंत गेला.

"ऐका हो. चिंधी बांधलेल्या ओळीत परवा सकाळपर्यंत कुणी बाई जाणार नाय. कारभारी अण्णांनी सांगितलंय. कुठल्याबी बागेत, फवारलं की दोन दिवस. अण्णांनी सांगितलंय."

अण्णांच्या गाडीची काच खाली आली नाही. नाही म्हणायचं असतं तर तीच वेळ होती. पलीकडच्या प्लॉटमध्ये सनीच्या ब्लोअरची घरघर बंद झाली.

झोळीत वेदिका जागी झाली होती. आईचा आवाज ऐकून तिनं लुगड्याच्या कडेवरून डोकं काढलं आणि आईला शोधत कर्ण्याकडं बघायला लागली. गोल पितळी तोंडाकडं, डोळे मोठे करून.

"तिकडं नाय गं, माझे आय," भागुबाई म्हणाली आणि तिचं डोकं हलकेच वळवलं. "ती बघ. ती खाली उभी हाय."